शेतीचा हंगाम आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी आली असताना घरच्यांनी नेमके काय करावे?

प्रश्न : शेतकरी पालक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

माझी थोरली मुलगी यंदा दहावीला आहे. पूर्वी ही परीक्षा मार्चमध्ये होत असे, पण 2025 पासून ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होऊ लागली आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे पऱ्हाटीची (कापसाची) शेवटची वेचणी, हरभऱ्याची सोंगणी आणि गव्हाचे ओलित ही तिन्ही कामे एकत्र येतात. मजूर मिळत नाहीत, त्यामुळे जानेवारीपर्यंत सुटीच्या दिवशी मुलगीही आईबरोबर वेचणीला जात होती. आता तिला वावरात न्यायचे नाही एवढे आम्ही दोघांनी ठरवले आहे, मात्र त्यापलीकडे काय करावे ते सुचत नाही.

मी बारावीपर्यंत कला शाखेत शिकलो आणि माझी पत्नी सातवीपर्यंत. मुलीचे मराठी, इतिहास आणि भूगोल चांगले आहे. विज्ञानात ती ठीकठाक आहे. गणिताची मात्र तिने धास्ती घेतली असून सराव परीक्षेत बीजगणित आणि भूमिती या दोन्ही पेपरांत तिला जेमतेम गुण मिळाले. तिची पुस्तके मी उघडून पाहिली, परंतु वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती शिकवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

घर दोन खोल्यांचे आहे. माझ्या आईला कमी ऐकू येते, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा असतो. चुलत भावाच्या मुलाचे लग्नही याच पेपरांच्या काळात निघाले असून हळदीपासून वरातीपर्यंत सगळा कार्यक्रम आमच्याच गल्लीत आहे. येणारा प्रत्येक पाहुणा मुलीला ‘किती टक्के पाडणार?’ असे विचारतो आणि ती आत निघून जाते.

तालुक्याच्या ठिकाणी शेवटच्या महिन्यासाठी गणिताची खास शिकवणी निघाली आहे. कर्ज काढून का होईना, ती लावावी असे नातेवाईक सांगतात. ती लावावी काय? रात्री आम्हां दोघांपैकी कोणी तिच्याजवळ बसावे काय, की त्याने तिच्यावर दडपण येईल? आणि निकालाबद्दल तिच्याशी आताच बोलावे, की परीक्षा होईपर्यंत तो विषयच काढू नये? ज्यांच्या घरी हे वर्ष येऊन गेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

राम राम भाऊ. शिकवणीचे आधी सांगतो : लावू नका. शेवटच्या महिन्यात नवा शिक्षक, नवी पद्धत आणि रोजचा एसटीचा प्रवास यांत मुलीचे दिवसाचे तीन-चार तास जातील आणि हाती फारसे काही लागणार नाही. ज्या शिक्षकांनी वर्षभर शिकवले आहे त्यांनाच शाळेत जाऊन भेटा आणि मुलीला कोणती प्रकरणे येतात व कोणती येत नाहीत, याची यादी त्यांच्याकडून करून घ्या. बहुतेक शाळांत या काळात जादा तास चालतात; तिथे ती नियमित जाते की नाही एवढेच पाहा.

आता गणिताच्या धास्तीविषयी. बीजगणित आणि भूमिती हे दोन वेगळे पेपर, वेगळ्या दिवशी, प्रत्येकी दोन तासांचे आणि 40 गुणांचे असतात. उरलेले 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रश्नपत्रिकेची रचना नीट पाहिली तर घाबरलेल्या मुलाला तिच्यात बरीच जागा सापडते. पहिल्या प्रश्नात पर्याय निवडण्याचे चार आणि एकेका गुणाचे चार असे 8 गुण असतात. दुसऱ्यात कृती पूर्ण करण्याचे 4 आणि दोन-दोन गुणांच्या उदाहरणांचे 8, म्हणजे 12 गुण. पेपरचे निम्मे गुण या पहिल्या दोन प्रश्नांतच आहेत आणि त्यासाठी सूत्र ठाऊक असणे, आकडे नीट मांडणे आणि व्याख्या कळलेली असणे पुरेसे ठरते. तिसऱ्या प्रश्नातही 3 गुणांची एक कृती असते, जिच्यात उदाहरण अर्धे सोडवलेले असून फक्त चौकटी भरायच्या असतात. अवघड प्रमेये आणि विचार करायला लावणारी उदाहरणे चौथ्या-पाचव्या प्रश्नांत येतात. मी पाहिलेली कच्ची मुले बहुधा त्या शेवटच्या प्रश्नांच्या भीतीने पहिल्या दोन प्रश्नांचा सरावच सोडून देत असत.

म्हणून तिला असे सांगा की रोज एका जुन्या प्रश्नपत्रिकेतील फक्त पहिले दोन प्रश्न सोडवायचे, तेही घड्याळ लावून आणि शक्यतो सकाळी अकरा वाजता, कारण मंडळाचा पेपर त्याच वेळेला सुरू होतो. ते जमू लागले की तिसऱ्याकडे वळावे. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी ही सरावाने साधणारी प्रकरणे आहेत. भूमितीत भौमितिक रचना, पायथागोरसचे प्रमेय आणि निर्देशक भूमिती. रचनेच्या उदाहरणाला केवळ कंपास, टोक केलेली पेन्सिल आणि स्थिर हात लागतो, तरी मुले ते प्रकरण का टाळतात हे मला नोकरीच्या शेवटापर्यंत उमगले नाही. शिवाय गणितात पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे उत्तर चुकले तरी सूत्र आणि मांडणी लिहायचीच, कोरे सोडायचे नाही.

आपण शिकवू शकत नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण एक प्रकरण तुमच्या रोजच्या व्यवहारातलेच आहे. ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कराची उदाहरणे असतात. कृषी केंद्रातून आणलेल्या खताचे पक्के बिल तिच्यासमोर ठेवा. त्यावर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा दाखवलेला असतो. मूळ किंमत किती, कराचा दर किती आणि दोन्ही कर मिळून किती झाले, हे तिला तुम्हांला समजावून सांगू द्या. इतर विषयांतही हेच करता येईल. रात्री पुस्तक मिटायला लावून ‘आज काय वाचलेस ते मला सांग’ एवढे म्हणावे आणि ऐकत राहावे. तिचे बरोबर की चूक हे तुम्हांला कळण्याची गरज नाही. सांगताना ती जिथे अडेल तिथे तिचे तिलाच कळते, आणि आठवून सांगितलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचलेल्या मजकुरापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो. स्मरणाच्या अभ्यासकांनी हे वारंवार पडताळून पाहिलेले आहे.

निकालाबद्दल मात्र आताच बोला, आणि नेमके बोला. टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते, त्यामुळे गणितात ती उत्तीर्ण झाली आणि इतर विषय चांगले गेले तर गणिताचे कमी गुण टक्केवारीतून वगळलेही जाऊ शकतात. समजा एक किंवा दोन विषय राहिले, तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा देता येते. वर्ष वाया जाण्याचे भय मुलांच्या मनात फार मोठे असते. नियम ठाऊक नसल्यामुळे ते आणखी वाढते.

उत्तर : एक आई, वरुड तालुका, जि. अमरावती

आमच्या मुलाची दहावी गेल्या वर्षी झाली. सरांनी अभ्यासाचे सांगितलेच आहे, म्हणून मी घराचे लिहिते.

आमचा संत्र्याचा बगीचा आहे. फेब्रुवारीत मृग बहाराची तोड चालू असते, व्यापारी केव्हाही येतात, आणि कृषिपंपाची वीज काही दिवस रात्रीची असली की ओलितासाठी रात्री वावरात जावेच लागते. गहू-हरभऱ्याला रानडुकरांचा त्रास असल्यामुळे जागलही असते. मुलगा दरवर्षी वडिलांसोबत जागलीला जात असे. त्या वर्षी आम्ही दिराशी बोलून पाळ्या वाटून घेतल्या आणि बदल्यात त्यांच्या तोडीला मी गेले. तुमच्याकडेही वेचणीचे असेच कोणाशी तरी इर्जिकीने जमवता येईल काय, ते पाहावे. मुलीला वावरात नेणार नाही असे ठरवले हे उत्तम झाले, पण घरातले काम तिच्या अंगावर तर पडत नाही ना, हेही पाहा. मुलगा अभ्यासाला बसला की घर गप्प होते आणि मुलगी अभ्यासाला बसली की तिला चहा टाकायला उठवले जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आई वावरात असेल तर सकाळची भाकर, भांडी आणि लहान भावंडांची आंघोळ कोण करणार, याचे उत्तर ‘ती करून घेईल’ असे असू नये.

दोन खोल्यांच्या घरात शांतता हवी असेल तर वेळ ठरवून घ्यावी लागते. आजींच्या मालिका बंद करू नका, नाहीतर घरातला सगळा राग त्या मुलीवर निघेल. त्यांना शेजारी किंवा नातेवाइकांकडे बसण्याची सोय करून द्या, किंवा मुलीने त्या वेळेत झोप काढावी आणि पहाटे उठून वाचावे. आमच्याकडे पहाटेचाच अभ्यास चालला, कारण पहाटे गावात कोणताही आवाज नसतो आणि वीजही सहसा जात नाही. तरी एक चार्जिंगचा दिवा भरून ठेवलेला बरा.

लग्नाबाबत तुम्हांला कठोर व्हावे लागेल. आमच्या नात्यातही तेव्हा एक लग्न होते. मी मुलाला पेपर नसलेल्या दिवशी जेवणापुरते नेले आणि परत आणले. हळदीच्या रात्री डीजे वाजणार असेल तर त्या रात्रीपुरते मुलीला मामाकडे किंवा मैत्रिणीच्या घरी झोपायला पाठवा, मात्र ते घर परीक्षा केंद्राच्या जवळचे असावे आणि तिथे तिला मोकळे वाटत असावे. भावकीत चार लोक नाराज होतील. होऊ द्या.

पाहुण्यांच्या टक्क्यांच्या प्रश्नाला उत्तर तुम्ही द्यायचे, तिने नाही. ‘अभ्यास चालू आहे, निकाल लागला की पेढे घेऊन आम्हीच येऊ’ एवढे बोलून विषय बदलावा.

प्रश्नकर्ता : शेतकरी पालक, राळेगाव तालुका

सर आणि ताई, आपण दोघांनी वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. इर्जिकीचे आज चुलत भावाशी बोललो; एका बाजूच्या वेचणीचे जमेल असे दिसते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक नातेवाईक घरी येऊन म्हणाले की परीक्षा केंद्रावर त्यांची ओळख आहे आणि गणिताच्या पेपरला आत चिठ्ठी पोहोचवण्याची व्यवस्था ते करतील. मुलीच्या समोरच हे बोलणे झाले. मी तेव्हा हसून टाळले, परंतु ते पुन्हा येणार आहेत. दुसरे असे की, मुलीचे गेल्या काही दिवसांपासून सकाळी पोट दुखते, ती अर्धीच भाकर खाते आणि रात्री बराच वेळ तिला झोप येत नाही. ही परीक्षेची नेहमीची भीती समजावी, की डॉक्टरांना दाखवावे?

उत्तर : किशोरवयीन समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय, चंद्रपूर जिल्हा

पोट दुखणे हे ढोंग नसते, हे सर्वांत आधी लिहितो, कारण अनेक घरांत ‘पेपर आला की हिचे पोट दुखते’ असे बोलून मुलांना गप्प केले जाते. ताण आला की पोटातली हालचाल बदलते, भूक मंदावते, मळमळते. ताप, उलटी, वजन घटणे, लघवीची जळजळ किंवा पाळीशी संबंधित तक्रार यांपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य दाखवा. यांतले काही नसले तरी एकदा दाखवून घेण्यात नुकसान नाही. डॉक्टरांनी ‘काही नाही’ असे सांगितले की मुलीच्या मनावरचाही एक भार उतरतो.

या वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेले लक्षात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, त्यामुळे रात्रभर जागून केलेला अभ्यास सकाळी हाताशी येत नाही. ताईंनी सुचवलेला पहाटेचा अभ्यास उत्तम आहे, परंतु तिला पहाटे चारला उठवायचे असेल तर रात्री आठ-साडेआठला घरातील दिवे मंद झाले पाहिजेत. दोन्ही टोकांनी झोप कापू नये. झोपण्यापूर्वीचा तासभर मोबाइल दूर ठेवावा. संध्याकाळनंतर चहा देऊ नये, कारण रात्री तरतरी यावी म्हणून दिलेला चहाच पुढे झोप उडवतो. झोप येत नसेल तर तिला ‘झोप, झोप’ म्हणू नका. आईने शेजारी पडून दिवसभराच्या साध्या गोष्टी बोलाव्यात, अभ्यासाच्या नव्हेत. रात्री जवळ बसावे काय, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तरही हेच आहे : बसावे, पण तिच्या वहीकडे पाहत नव्हे. तूर निवडा, गोधडी शिवा, हिशेब लिहा. आपले कोणीतरी जवळ आहे आणि ते आपल्यावर लक्ष ठेवून नाही, ही अवस्था मुलांना मानवते.

सकाळी पोट दुखत असेल तर जेवणाचा आग्रह न करता थोडे आणि लवकर द्यावे. वरण-भात, दूध-पोळी, भिजवलेले शेंगदाणे, केळे, जे तिला नेहमी पचते तेच. पेपरच्या दिवशी नवा पदार्थ, तेलकट भजी किंवा बाहेरचे तर्रीपोहे नकोत. मार्च उजाडला की आपल्याकडे ऊन चढते, म्हणून परतीच्या प्रवासासाठी पाणी आणि डोक्याला दुपट्टा हवाच. पाळीची तारीख पेपरांत येत असेल तर आईने आधी विचारून पॅड दप्तरात ठेवावेत; पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आता जे लिहितो आहे ते तुमच्या मुलीबद्दल नसून प्रत्येक घरासाठी आहे. मूल एकाएकी बोलेनासे झाले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे काही बोलले, किंवा निकालाच्या तारखेबद्दल विचित्र शांतपणे बोलू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नका आणि रागावूही नका. सरळ विचारा. तसे विचारल्याने मुलाच्या मनात नवा विचार शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही; मुलांसाठी 1098 हा क्रमांकही आहे. आणि आपला भाग कापसाचा असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फवारणीच्या औषधांचे डबे घरात पलंगाखाली किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलेले असतात. ते कुलूपबंद पेटीत, शक्यतो घराबाहेरच्या कोठ्यात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. हे परीक्षेपासून निकालापर्यंत तरी कटाक्षाने करावे. खरे तर वर्षभरच करावे.

उत्तर : माजी विद्यार्थिनी, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

मी सध्या तंत्रनिकेतनात पदविकेला आहे. काका, तुमच्या मुलीच्या बाजूने थोडे लिहिते.

सरांचे आईवडिलांना समजावून सांगण्याचे मला सगळे पटले नाही. माझे बाबा ऐकायला बसले की मला लाज वाटायची, मी अडखळायचे, आणि त्यांना वाटायचे की हिला काहीच येत नाही. मग मी धाकट्या भावाला सांगू लागले. तो सातवीत होता, काहीही विचारायचा, आणि त्याच्या त्या ‘कशामुळे?’मुळे माझे विज्ञान पक्के झाले. म्हणून कोणाला सांगायचे हे तिलाच ठरवू द्यावे.

आमच्याकडे मार्चमध्ये मोहाचा हंगाम असतो. आई पहाटेच मोह वेचायला जायची आणि ऊन चढले की परत यायची. ती माझ्यासाठी काही वेगळे करू शकत नव्हती, आणि त्याचे मला वाईट वाटत नव्हते. वाईट वाटायचे ते एका वाक्याचे : ‘तुझ्यासाठीच एवढे राबतो आहोत.’ मोठी माणसे हे प्रेमानेच बोलतात. पण ते ऐकल्यावर पुस्तक उघडले की अक्षरांऐवजी आईचे हात दिसायचे, आणि चुकलेले प्रत्येक उदाहरण म्हणजे घराचे नुकसान असे वाटू लागायचे. कर्ज काढून शिकवणी लावली तर तेच होईल. कर्जाचा आकडा तिला सांगितला नाही तरी तिला कळेलच. दोन खोल्यांच्या घरात काही लपत नाही.

चिठ्ठीचेही लिहिते. ज्या मुलांना कॉपी मिळणार असे वाटत होते त्यांनी शेवटचे दोन आठवडे अभ्यासच केला नाही. मग केंद्रावर बैठे पथक बसले, चिठ्ठ्या आल्या नाहीत, आणि त्यांना येत होते तेही लिहिता आले नाही. ते नातेवाईक तुमच्या मुलीसमोर बोलले, तेव्हा ‘तुला हे जमणार नाही’ एवढेच तिच्या कानावर गेले असेल. त्यामुळे नकारही तिच्यासमोरच द्या.

आणि दहावीनंतर काय काय आहे, ते एका कागदावर तिच्यासोबत बसून लिहा. अकरावी कला, वाणिज्य किंवा विज्ञान, आयटीआयचे अभ्यासक्रम, तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होतात, त्यामुळे कागदपत्रेही आताच पाहून ठेवता येतील. जिचे मराठी आणि इतिहास चांगला आहे तिने गणितात किती गुण मिळवले याने तिची पुढची वाट फारशी अडत नाही, हे मला कोणी दहावीत सांगितले असते तर मी बरीच निवांत झोपले असते.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

मुलीने धाकट्या भावाचे सांगितले ते माझ्यापेक्षा बरे आहे, मान्य.

चिठ्ठीसाठी येणाऱ्या नातेवाइकांना नात्याच्या भाषेत पटणार नसेल तर कायद्याच्या भाषेत सांगा. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली बाहेरून मदत करणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. परीक्षार्थीची संपादणूक रद्द होऊन पुढच्या परीक्षेलाही बंदी येऊ शकते. म्हणजे गणितात कमी गुण मिळू नयेत म्हणून केलेल्या उपायात बाकीचे पाचही विषय जातील. हे एकदा स्पष्ट बोलले की पुन्हा कोणी येत नाही, असा माझा अनुभव आहे.

केंद्र दुसऱ्या गावी असेल तर प्रवासाचे नक्की करून ठेवा. अकराच्या पेपरला साडेदहापर्यंत दालनात हजर राहायचे असते, आणि एसटीचा भरवसा एका फेरीवर ठेवू नये. मुलीजवळ मोफत पास असेल तरी त्या दिवशी बस आली नाही तर मोटारसायकलने कोण सोडणार, हे नाव घेऊन ठरवा. पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरा. पहिल्या पेपरच्या आधी एकदा मुलीला केंद्र दाखवून आणा. सोडल्यावर फाटकाबाहेर गर्दी करून थांबू नका. ज्यांची मुले आत आहेत त्या सगळ्यांनी आपापल्या वावरात जाणे केंद्रासाठीही बरे.

दोन तासांचा पेपर आता एक वाजून दहा मिनिटांनी सुटतो. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला सुरुवातीची दहा मिनिटे मिळत; 2023 पासून ती शेवटी जोडलेली आहेत. वाचनाचा वेळ वेगळा नाही, म्हणून मुलीने पहिली काही मिनिटे प्रश्नपत्रिका पूर्ण चाळण्यात घालवावी आणि येणाऱ्या प्रश्नांपासून सुरुवात करावी. घरी आल्यावर तिच्यासोबत उत्तरे जुळवत बसू नका. झालेला पेपर दप्तरात जाऊ द्या, तिला जेवू द्या, तासभर झोपू द्या.

हॉल तिकीट शाळेतून मिळाले की त्या दिवशीच घरी नीट वाचा. नाव, आईचे नाव, छायाचित्र, विषय आणि माध्यम बरोबर आहे काय, आणि मुख्याध्यापकांची सही व शिक्का आहे काय, हे पाहा. त्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. चूक आढळली तर दुरुस्ती शाळेमार्फतच होते आणि ती पहिल्या पेपरच्या आधी होणे सोयीचे असते. दोन छायाप्रती काढून एक घरी ठेवा आणि एक जो सोडायला जाणार आहे त्याच्या खिशात.

प्रश्नकर्ता : शेतकरी पालक, राळेगाव तालुका

नातेवाइकांना आज नाही म्हणून सांगितले, मुलीसमोरच. शिकवणीचा विचार सोडला आहे. औषधांचे डबे वावरातल्या कोठ्यात नेऊन कुलूप लावले. हळदीच्या रात्री ती केंद्राच्या गावी तिच्या मावशीकडे राहील, आणि तिथून दुसऱ्या दिवशी भूमितीच्या पेपरला चालत जाईल. उद्या शाळेत जाऊन सरांकडून प्रकरणांची यादी आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेतो. त्यांच्याकडे बीजगणिताच्या पुरेशा नसतील तर त्या तालुक्याला कुठे मिळतात, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.